आठ ओळींत आवाजाची ओळख

रॉ ऑडिओ फाइलमध्ये आवाजाशिवाय दुसरं काहीही नसतं. तिचा पहिला बाइट हा थेट आवाजाचा पहिला बाइट असतो. हा आवाज सेकंदाला किती वेळा मोजला, प्रत्येक मोजमाप किती बिटांचं आहे, माइक एक होता की दोन, यातलं काहीच ती सांगत नाही. नेहमीच्या प्लेअरला अशी फाइल दिली तर तो ती वाजवत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. आकड्यांची लांबच लांब रांग त्याच्यासमोर असते, पण त्या आकड्यांचं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ते सांगण्याचं काम करणाऱ्या एका छोट्या शेल स्क्रिप्टबद्दल मला लिहायचं आहे. स्क्रिप्ट आठ ओळींची आहे. तिच्यावर कुणाचं नाव नाही. अशा स्क्रिप्ट हातोहात फिरतात, कुणी एक ओळ घालतो, कुणी एक बदलतो, आणि वापरून वापरून त्या गुळगुळीत होतात. रॉ फाइल आत घ्यायची आणि वेव्ह फाइल बाहेर काढायची, एवढंच तिचं काम. पण कविता वाचावी तशी ती सावकाश, ओळीओळीनं वाचली तर तिच्यात विचाराची जी शिस्त दिसते, ती मला फार मोलाची वाटते.

आधी तिच्यापुढे काय ठेवलं आहे ते पाहू. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. तिथे १९९१च्या सुमारास ‘एएन४’ नावाचा ध्वनिसंग्रह तयार झाला. यंत्राला माणसाचं बोलणं ओळखायला शिकवण्यासाठी तो केला होता. त्यात माणसं आपलं नाव, पत्ता, टेलिफोन क्रमांक, जन्मतारीख एकेक अक्षर, एकेक आकडा उच्चारत सांगतात. काही ठिकाणी ‘एंटर’, ‘रबआउट’ यांसारखे यंत्राला द्यायचे हुकूम असतात. शिकवणीसाठी ७४ वक्त्यांची ९४८ वाक्यं आणि परीक्षेसाठी १० वक्त्यांची १३० वाक्यं, एवढाच त्याचा पसारा. आजच्या हजारो तासांच्या संग्रहांपुढे तो चिमुकला आहे, आणि म्हणूनच या विषयाचे विद्यार्थी अजूनही त्यावर हात बसवतात. प्रत्येक वक्त्याचं वेगळं फोल्डर, त्याच्या नावाऐवजी चार अक्षरांची खूण, आणि आत छोट्या छोट्या रॉ फाइल.

रॉ हे रूप त्या काळी सोयीचंच होतं. आवाजाची लाट ठरावीक अंतरानं मोजायची आणि ती मापं आकड्यांत पाठवायची ही कल्पना ॲलेक रीव्ह्ज यांना १९३७ साली पॅरिसमध्ये सुचली होती. रॉ फाइल म्हणजे ती कल्पना तिच्या सर्वांत उघड्या रूपात. ज्यांनी आवाज टिपला त्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांचे प्रोग्रॅम त्याच हिशेबानं लिहिलेले होते, मग प्रत्येक फाइलवर तेच तेच कशाला लिहायचं? अडचण येते ती फाइल त्या खोलीतून बाहेर पडून तीस वर्षांनी अनोळखी माणसाच्या हाती येते तेव्हा.

आता स्क्रिप्ट. पहिली ओळ कोणत्या शेलनं हे चालवायचं ते सांगते, तिच्यावर रेंगाळण्यासारखं काही नाही. दुसऱ्या ओळीवर मात्र थांबायला हवं. तिथे ‘सेट’ या आज्ञेला ‘ई’ आणि ‘यू’ ही दोन अक्षरं जोडलेली आहेत. ‘ई’चा अर्थ असा की, कुठलीही आज्ञा फसली तर पुढे जायचं नाही, तिथेच थांबायचं. ‘यू’चा अर्थ असा की, ज्याला किंमतच दिलेली नाही असं नाव वापरलं तर तीही चूकच धरायची. शेलचा मूळ स्वभाव याच्या उलट आहे. एक आज्ञा पडली तरी तो शांतपणे पुढची हाती घेतो आणि शेवटी सगळं यथास्थित झाल्यासारखा दिसतो. हजारभर फाइलींच्या कामात हा स्वभाव घातक ठरतो, कारण चारशेव्या फाइलवर काही बिघडलं तर ते महिनोन्महिने कळत नाही. काम सुरू करण्याआधीच स्वतःवर अशी अट घालून घेणारी ही ओळ मला या स्क्रिप्टचा नैतिक पाया वाटते.

तिसरी ओळ फेरा सुरू करते: वक्त्यांच्या प्रत्येक फोल्डरात जा, ‘डॉट रॉ’नं संपणारी प्रत्येक फाइल घे, आणि पुढचं कर. आठवी ओळ ‘डन’ या एका शब्दात तो फेरा मिटवते. हे फेऱ्याचं व्याकरण स्टीफन बोर्न यांच्या शेलमधून, म्हणजे १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतून आलं आहे. बोर्न यांनी त्याआधी केंब्रिजमध्ये अल्गोल ६८ या भाषेवर काम केलं होतं. त्या भाषेत रचना ज्या शब्दानं उघडते त्याच्याच उलट्या अक्षरांनी मिटते. म्हणूनच शेलमध्ये ‘इफ’ मिटतं ‘एफआय’नं आणि ‘केस’ मिटतं ‘ईएसएसी’नं. त्या न्यायानं ‘डू’ मिटायला हवं होतं ‘ओडी’नं. पण ओडी हे नाव युनिक्समध्ये आधीच एका साधनाला दिलेलं होतं, फाइलचे बाइट आकड्यांत उघडून दाखवणाऱ्या साधनाला. म्हणून ‘डन’ आलं. अनोळखी रॉ फाइल हाती आली की आजही तिच्यात पहिल्यांदा डोकावायचं ते याच ओडीनं, त्यामुळे आठव्या ओळीतला ‘डन’ मला नेहमी थोडा जास्त बोलका वाटतो.

चौथी ओळ नवशिक्याला अनावश्यक वाटेल. फाइल खरोखर आहे का ते पाहा, नसेल तर पुढच्या फेऱ्याला लाग, असं ती म्हणते. ‘सगळ्या रॉ फाइल घे’ असं सांगितल्यावर फाइल असणारच ना? नाही. फोल्डरात एकही रॉ फाइल नसली तर शेल तो तारांकित नमुनाच, जसाच्या तसा, फाइलचं नाव म्हणून पुढे पाठवतो. मग पुढची ओळ अस्तित्वात नसलेल्या फाइलवर काम करायला जाते. शेलची ही खोड ज्याला ठाऊक आहे, तोच ही ओळ लिहितो.

पाचवी ओळ फाइलच्या नावातून शेवटचा ‘डॉट रॉ’ सोलून काढते आणि त्या जागी ‘डॉट वेव्ह’ लावते. टक्क्याचं एक चिन्ह हे काम करतं. इथून पुढे जिथे जिथे फाइलचं नाव येतं तिथे ते दुहेरी अवतरणात बंद केलेलं आहे. एएन४मधल्या नावांत मोकळी जागा कुठेच नाही, त्यामुळे या संग्रहापुरती अवतरणचिन्हं नसती तरी चाललं असतं. लिहिणाऱ्यानं ती तरीही घातली. उद्या हीच स्क्रिप्ट कुणी ‘आजीच्या ओव्या भाग २’ अशा नावाच्या फाइलवर चालवील, तेव्हा अवतरणांशिवाय शेल त्या एका नावाचे चार तुकडे करील आणि चार निरनिराळ्या फाइली शोधत बसेल. समोर नसलेल्या वाचकाची, त्याच्या भाषेची आणि त्याच्या नावं देण्याच्या सवयीची ही आधीच घेतलेली काळजी आहे.

सहावी ओळ हे या रचनेचं हृदय. ती मोठ्यानं वाचली तर अशी ऐकू येते: सॉक्स, टी रॉ, आर सोळा हजार, ई साइन्ड इंटिजर, बी सोळा, सी एक, मोठा एल, मग आत येणाऱ्या फाइलचं नाव, मग बाहेर पडणाऱ्या फाइलचं. सॉक्स हे ध्वनीवर काम करणारं जुनं, मुक्त साधन. लान्स नॉर्सकॉग यांनी ते १९९१ साली जगापुढे ठेवलं आणि पुढे ख्रिस बॅगवेल यांनी ते सांभाळलं. वेव्ह हे रूप मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी जाहीर केलं तेही १९९१मध्येच. आवाज, साधन आणि नवं रूप ही तिन्ही एकाच सुमाराची, आणि या ओळीत ती एकत्र येतात.

‘टी रॉ’ म्हणजे, ही फाइल स्वतःबद्दल बोलणार नाही, मी सांगतो ते ऐक. त्यानंतरच्या पाच खुणा म्हणजे पाच साक्षी.

पहिली साक्ष सोळा हजारांची. सेकंदाला सोळा हजार नमुने. हा आकडा चुकला तर काय होतं? रॉ फाइलमध्ये हा आकडा नसणं म्हणजे पट्टी आणि लय न सांगता लिहून ठेवलेली सरगम. स्वरांची एकमेकांशी नाती शाबूत, पण काळी एकमध्ये गायचं की पांढरी पाचमध्ये, विलंबित की द्रुत, हे कागदावर कुठेच नाही. सोळा हजारांच्या जागी आठ हजार सांगितले तर बोलणारा दुप्पट वेळ घेतो आणि त्याचा आवाज बरोबर एक सप्तक खाली उतरतो. सीडीचा ४४,१०० हा आकडा दिला तर चार सेकंदांचं वाक्य दीड सेकंदाच्या आतच चिरकत संपतं.

सोळा हजार हा आकडा मराठी माणसानं जरा थांबून पाहावा असा आहे. नमुन्यांचा जो वेग असतो त्याच्या निम्म्यापर्यंतच्या कंपनसंख्या त्यात टिपता येतात. म्हणजे इथे आठ हजारांपर्यंत. जुन्या टेलिफोनच्या आठ हजार नमुन्यांत चार हजारांच्या वरचं काहीच मावत नाही, प्रत्यक्षात तर फोन ३,४००च्या आसपासच थांबतो. स्वरांना तेवढं पुरतं. पण ‘स’सारख्या घर्षणाच्या ध्वनींची बरीचशी शक्ती त्याच्या वर असते. मराठीत ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ वेगळे आहेत. दुसरा दातांजवळ उच्चारला जातो, आणि त्याची शीळ पहिल्याहून वरच्या पट्टीत असते. लिपी हा फरक दाखवत नाही, तो फक्त आवाजात असतो. ज्याला मराठीचा आवाज टिपायचा आहे त्यानं सोळा हजारांच्या खाली उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी आणि तिसरी साक्ष जोडीनं येतात. प्रत्येक नमुना सोळा बिटांचा आहे, म्हणजे दोन बाइटांचा, आणि तो चिन्हांकित आहे, म्हणजे शून्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे जातो, उणे ३२,७६८पासून अधिक ३२,७६७पर्यंत. शांतता म्हणजे शून्याच्या आसपासचे आकडे. त्यांना बिनचिन्हाचे मानून वाचलं तर शून्य एका टोकाला फेकलं जातं आणि उणे एक दुसऱ्या टोकाला. माइकसमोर कुणीही बोलत नव्हतं अशा क्षणीही स्पीकर किंचाळायला लागतो. चौथी साक्ष, ‘सी एक’, म्हणजे माइक एकच. दोन म्हटलं तर एक नमुना डावीकडे, पुढचा उजवीकडे असं वाटप होतं आणि बोलणं निम्म्या वेळात उरकतं.

पाचवी साक्ष आहे मोठा एल, आणि इथे एएन४ची खरी गंमत आहे. दोन बाइटांचा आकडा साठवायचा तर आधी कुठला बाइट ठेवायचा, हलका की भारी? इंटेलच्या चिप हलका बाइट आधी ठेवत, त्या काळची सन आणि इतर वर्कस्टेशनं भारी आधी ठेवत. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी या वादावर एक टिपण लिहिलं, आणि दोन पक्षांची नावं ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधल्या, अंडं कुठल्या टोकानं फोडावं यावरून लढणाऱ्या लोकांवरून घेतली. मोठा एल हा त्यातल्या ‘लिटल एंडियन’चा एल, म्हणजे हलका बाइट आधी. एएन४ची रॉ आवृत्ती वाटली गेली ती दोन वेगवेगळ्या गाठोड्यांत, एक हलका बाइट आधी ठेवणारं आणि दुसरं भारी बाइट आधी ठेवणारं. दोन्हींतल्या फाइलींची नावं सारखी, लांबी सारखी, आणि कोणती कुठली हे फाइल स्वतः सांगत नाही.

हा क्रम चुकला तर काय होतं ते एका आकड्यावर करून पाहावं. ३०० हा नमुना घ्या, बऱ्यापैकी हळू आवाज. दोन बाइटांत तो ४४ आणि १ असा मांडला जातो: एक गुणिले २५६, अधिक ४४. हेच दोन बाइट उलट्या क्रमानं वाचले तर ४४ गुणिले २५६, अधिक १, म्हणजे ११,२६५. कुजबुजीचं गर्जनेत रूपांतर. शून्य आणि उणे एक मात्र उलटवले तरी तेच राहतात, कारण त्यांचे दोन्ही बाइट सारखे असतात. म्हणून चुकीच्या क्रमानं वाचलेल्या फाइलमध्ये अगदी निःशब्द जागा क्वचित निःशब्दच राहतात आणि बाकी सगळीकडे खरखर असते. ज्यानं ती खरखर एकदा ऐकली आहे, त्याला त्या एका अक्षराचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

या पाच साक्षी दिल्यावर सॉक्स जे करतं ते जवळजवळ काहीच नाही, आणि हेच मला सर्वांत सुंदर वाटतं. ते आवाजाच्या आधी ४४ बाइटांचा मथळा लिहितं. त्यात आधी रूपाचं नाव, मग लांबी, मग माइकची संख्या, १६,००० हा वेग, सेकंदाला ३२,००० बाइट हा हिशेब, १६ बिट, आणि ‘इथून आवाज सुरू’ अशी खूण. त्यानंतर मूळ फाइल, एकही बाइट न बदलता. रूपांतर हा शब्द मोठा वाटतो, पण इथे पिट्सबर्गमधल्या त्या माणसांच्या आवाजाला कुणी हातही लावलेला नाही. एखादी बाई आपल्या गल्लीचं नाव अक्षर अक्षर करत सांगते, मध्ये श्वास घेते, तो श्वास जसा होता तसा राहतो. एमपी३ केलं असतं तर कानाला कमी जाणवणारं काही कायमचं टाकून दिलं गेलं असतं. जतनासाठी आवाज ठेवायचा असेल तर मी तो मार्ग कधीही धरणार नाही.

सातवी ओळ या स्क्रिप्टला सामान्य स्क्रिप्टांच्या वर नेते. ती नव्या वेव्ह फाइलचे पहिले ४४ बाइट सोडून पंचेचाळिसाव्या बाइटापासूनचं सगळं बाहेर काढते, नळीतून पुढे पाठवते, आणि ते मूळ रॉ फाइलशी बाइटागणिक ताडून पाहते. दोन्ही सारखे असतील तर तुलना करणारं साधन एक शब्दही बोलत नाही. फरक निघाला तर पहिला वेगळा बाइट कितवा ते सांगतं आणि अपयशाची खूण देतं. नळीनं जोडलेल्या आज्ञांत शेवटच्या आज्ञेचा निकाल धरला जातो, म्हणून तुलना मुद्दाम शेवटी ठेवली आहे. मग दुसऱ्या ओळीतली ‘ई’ जागी होते आणि सगळं काम तिथेच थांबतं. दुसरी ओळ आणि सातवी ओळ अशा एकमेकींचा हात धरून उभ्या आहेत. तपासणीसाठी वापरलेली साधनं ध्वनीबद्दल काहीही जाणत नाहीत, त्यांना फक्त बाइट कळतात, हेही मला आवडतं. ज्यानं काम केलं त्याच्याकडूनच तपासून घेतलेलं नाही.

पण या तपासणीला एक गोष्ट कळू शकत नाही, आणि रसग्रहण करताना ती सांगितलीच पाहिजे. सोळा हजारांऐवजी कुणी अठ्ठेचाळीस हजार लिहिले तरी सातवी ओळ समाधानानं गप्प राहील. मथळा खोटा झाला, पण बाइट तेच आहेत. पाच साक्षी खऱ्या की खोट्या हे ठरवायला कुठलंही साधन पुरत नाही. त्यासाठी कुणीतरी बसून ऐकावं लागतं: हा माणसाच्या गळ्यातून येणारा आवाज आहे का, एवढ्या वेगानं कुणी बोलतं का. त्यामुळे सहावी ओळ म्हणजे कुण्या एका ऐकणाऱ्यानं दिलेली ग्वाही आहे.

उणिवाही आहेत. सहाव्या ओळीच्या डोक्यावर एक टीप हवी होती, हे पाच आकडे कुठून कळले ते सांगणारी. ती नसल्यानं पुढच्या वाचकाला विश्वास ठेवण्यापलीकडे पर्याय उरत नाही. शिवाय वेव्ह फाइल आधीच असेल तर ही स्क्रिप्ट न विचारता तिच्यावर नवी लिहिते. सॉक्सला तसं न करण्याची सूचना देता येते, ती इथे दिलेली नाही. जागा वाचवायची असेल तर पाचव्या ओळीत ‘वेव्ह’च्या जागी ‘फ्लॅक’ लिहून फाइल बरीच आटोपशीर करता येते. जॉश कोल्सन यांच्या या रूपात आवाजातलं काहीही जात नाही आणि मूळ आवाजाची एमडी५ खूणही फाइलमध्येच राहते, मात्र मग सातवी ओळ नव्यानं लिहावी लागेल. या सगळ्यापेक्षा मोठं म्हणजे, आठ ओळींत मूळ रॉ फाइल पुसून टाकणारी एकही ओळ नाही. मोह असतो, डिस्क भरलेली असते, आणि एका छोट्या आज्ञेचंच ते काम असतं. इथे तसं केलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

मराठी बोलींचे आवाज आज कितीतरी जण टिपत आहेत: कुणी मालवणी गाऱ्हाणी, कुणी अहिराणी गाणी, कुणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. त्यातल्या काही फाइल रेकॉर्डरमधून किंवा जुन्या यंत्रणेतून बिनमथळ्याच्याच बाहेर पडतात. तुमच्याकडे अशा फाइल असतील तर त्याच फोल्डरात एक साधी मजकुराची फाइल करा. तिच्यात सेकंदाला नमुने किती, एका नमुन्याचे बिट किती, चिन्हांकित की नाही, माइक किती आणि कुठला बाइट आधी, हे लिहा; शेवटी कोण बोलतं आहे, कुठल्या गावी आणि कधी, हेही लिहा. ज्यानं ते रेकॉर्डिंग केलं तो माणूस विचारायला मिळतो आहे तोवरच हे करून घ्या.